सुरू, सर्वे आणि ओझोनचा घोळ

खानापूरहून विचारणा आली आहे. एका बागेतल्या फलकावर ‘सुरूसारखे सूचिपर्णी वृक्ष ओझोन सोडून हवा शुद्ध करतात’ असं लिहिलंय. त्यातला ‘सूचिपर्णी’ हा शब्द बरोबर आहे का, आणि झाडांतून सुटणाऱ्या अशा द्रव्यांना मराठीत काय म्हणावं?

सुरू त्या गटातला, म्हणजे चीड-देवदारासारख्या शंकुधारी झाडांतला, नाही आणि कुठलंच झाड ओझोन सोडत नाही. हे वाक्य शाळेच्या भाषणांतून, नर्सरीवाल्यांच्या तोंडून इतकं ऐकू येतं की आता कुणी तपासतही नाही.

सुरूची एक ‘सुई’ चिमटीत धरून दोन्हीकडे ओढा. ती पेरावर पटकन तुटते, कारण ती मुळात पान नव्हे, हिरवी काडी आहे. तुटलेल्या पेराभोवती भिंगातून सहा-आठ बारीक दाते दिसतील, ती खरी पानं. ज्याला आपण शंकू म्हणतो ते त्याचं टणक फळ. सुरू हा फुलझाडांपैकीच. हिमालयातल्या चीडची सुई अशी पेरावर सुटत नाही. तिथे तीन-तीन सुयांचे जुडगे असतात आणि चोळले की टर्पेंटाइनचा वास येतो.

मग सुरूला शंकुधाऱ्यांत कुणी बसवलं? नावानं! फारसीत ‘सर्व’ म्हणजे सायप्रस, अस्सल शंकुधारी झाड, आणि फारसी काव्यात उंच, शेलाट्या देहाची ठरलेली उपमा. त्याच ‘सर्व’चा आपला ‘सुरू’. पुढे तसंच उंच, शेलाटं, सुयांसारखं दिसणारं परदेशी झाड किनाऱ्यावर लागलं आणि नाव त्याला चिकटलं. काही मंडळी ‘सुरू’ हा संस्कृत ‘सरल’चा, म्हणजे चीडच्या जुन्या नावाचा, अपभ्रंश मानतात. ते मला साफ अमान्य आहे. ‘सरल’चा मराठीत ‘सरळ’ होतो. त्यातला ळ गिळून शेवटी ऊ कुठून आणणार? आणि पुरावा तर आमच्या दारात आहे. बेळगावात बांधकामावर कन्नड गवंडी सुरूच्या वाशांना ‘सर्वे’ म्हणतो. फारसीतला व तिथे जसाच्या तसा आहे. कोश चाळणाऱ्यांनी शेजारची भाषा ऐकली असती तर हा वाद उरलाच नसता. माझं मत असं की विजापूरच्या आदिलशाहीतल्या दरबारी फारसीतून हा शब्द कन्नड आणि मराठीत वेगवेगळ्या वाटांनी उतरला. कन्नडचं दुसरं नाव ‘गाळी मर’, म्हणजे वाऱ्याचं झाड, हे मात्र निखळ तिथलंच.

‘सूचिपर्णी’बद्दलही माझी तक्रार आहे. दक्षिणेकडच्या सह्याद्रीत नागेया हा एकमेव मूळचा शंकुधारी वृक्ष आहे आणि त्याची पानं चांगली रुंद असतात. म्हणजे सुया असून सुरू बाहेर, सुया नसून नागेया आत. तेव्हा ‘शंकुधारी’ म्हणा.

आता हवा. चीड, देवदार यांच्या राळेतून पाइनीन, लिमोनीन अशी टर्पीनं, म्हणजे वासाची द्रव्यं, उडतात. तापमान 10 अंशांनी चढलं की हे उडणं साधारण अडीचपट होतं. राळ साठवलेली असल्यामुळे ते रात्रीही थांबत नाही. फांदी छाटली की एकदम वाढतं. टर्पीनाची ओझोनशी गाठ पडली तर ओझोनच खर्ची पडतो आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. अशी झाडं असलेल्या डोंगरांवरचं निळसर धुकं त्यांचंच. पण त्याच हवेत गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कडक ऊन असेल तर साखळी उलटी चालते आणि ओझोन वाढतो. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना त्रासदायक, त्याला ‘शुद्ध हवा’ म्हणणं घातक. म्हणूनच बंद खोलीत पाइनच्या वासाच्या द्रवानं फरशी पुसायची आणि वर ओझोन सोडणारं यंत्र लावायचं, हे करू नका; त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतो.

‘टर्पीन’ हे नाव टर्पेंटाइनवरून पडलं आणि टर्पेंटाइन हे टेरेबिंथ झाडावरून. ते झाड पिस्त्याचं भावंड, शंकुधारी नव्हेच! आपल्याकडे या द्रव्याला नेमकं नाव होतं: अमरकोशात ‘सरलद्रव’ आहे, ‘श्रीवास’ आहे. काष्ठौषधींच्या दुकानात आजही चीडची राळ ‘गंधाबिरोजा’ म्हणून मिळते.

राहिला ‘सुटणाऱ्या द्रव्यां’चा प्रश्न. पाठ्यपुस्तकांत ‘बाष्पनशील’ असतं, ते चालेल. मला ‘उडनशील’ जवळचा वाटतो. मराठी धातूला संस्कृत शेपूट म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी घरातला कापूर आठवावा. डबी उघडी राहिली की कापूर ‘उडतो’ असंच सगळे म्हणतात, ‘बाष्पीभूत होतो’ असं कुणी म्हणत नाही. आणि कापूर त्याच टर्पीनांच्या गोतावळ्यातला. कारखान्यात होणारा कापूर टर्पेंटाइनमधल्या पाइनीनपासूनच बनवतात.