उद्याच्या कार्डातून संभाव्य विजेते कसे काढायचे: आधी शर्यत वाचा, मग घोडा

तुमचा प्रश्न असा आहे: सात घोडदौडींचं कार्ड (शर्यती आणि त्यांत धावणाऱ्या घोड्यांची यादी) आदल्या संध्याकाळी हातात येतं, प्रत्येक शर्यतीत आठ ते सोळा घोडे असतात, तर सुरुवात कुठून करायची आणि प्रत्येक शर्यतीतून एक नाव कसं काढायचं? अडचण या ‘प्रत्येक’ शब्दातच आहे. सातही शर्यतींत नाव काढायला बसलात की अभ्यास पातळ होतो आणि चौथ्या शर्यतीपासून नुसता अंदाजपंचे कारभार सुरू होतो. सातपैकी दोन-तीन शर्यतींबद्दल पक्कं मत झालं तर पुष्कळ झालं. बाकीच्या बघायच्या, टिपणं काढायची आणि सोडून द्यायच्या.

म्हणून पहिल्या फेरीत घोड्यांची नावं वाचूच नका, फक्त शर्यतींच्या अटी वाचा. अंतर किती, वयाची अट काय, हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधणारी शर्यत) आहे का, घोडे किती, गवतावर आहे की मातीवर. दोन वर्षांच्या, पहिल्यांदाच धावणाऱ्या घोड्यांची शर्यत असेल तर तिथे तपासायला काहीच नसतं. वंशावळ आणि तबेल्याचं नाव एवढ्यावर मत द्यावं लागतं, ती बाजूला ठेवा. सोळाच्या वर घोडे असलेलं पाच फर्लांगांचं, म्हणजे साधारण हजार मीटरचं हँडिकॅप हाही तसाच प्रकार. घोडा उशिरा सुटला किंवा त्याची वाट अडली की तेवढ्या अंतरात भरपाईला वेळच उरत नाही. अभ्यासाला खरी दाद देणारी शर्यत म्हणजे सात ते बारा घोडे, सात फर्लांगांच्या पुढचं अंतर आणि बहुतेक घोडे आधी पाच-सहा वेळा धावलेले.

आता फॉर्मचे आकडे. ब्रिटिश पद्धतीच्या कार्डावर ते डावीकडून उजवीकडे वाचतात, सर्वांत ताजी धाव उजव्या टोकाला. शून्य म्हणजे नवव्याच्याही मागे. आडवी रेघ म्हणजे मधे हंगाम बदलला, तिरकी रेघ म्हणजे त्याहून मोठा खंड. अडथळ्यांच्या शर्यतीत अक्षरंही येतात: ‘एफ’ म्हणजे घोडा पडला, ‘यू’ म्हणजे जॉकी (घोडेस्वार) खाली आला, ‘पी’ म्हणजे मधेच थांबवला. नावाजवळ ‘सी’ असेल तर या मैदानावर जिंकलेला, ‘डी’ असेल तर या अंतरावर जिंकलेला, ‘बीएफ’ म्हणजे मागच्या वेळी फेव्हरिट (सर्वांत जास्त पसंतीचा, म्हणून सर्वांत कमी भावाचा घोडा) असून हरलेला.

हे आकडे फक्त क्रमांक सांगतात आणि नवखा माणूस तिथेच फसतो. चार घोड्यांत बारा लेंथ (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे राहून आलेला ‘२’ आणि पंधरा घोड्यांत दीड लेंथने हरलेला ‘५’ यांत दुसरा घोडा कितीतरी चांगला धावलेला असतो. म्हणून शेवटच्या चार-पाच धावांपुढे प्रत्येकी चारच गोष्टी लिहा: वर्ग (शर्यतीचा दर्जा) कोणता, अंतर किती, जमीन कशी, किती लेंथने हरला. वरच्या वर्गात, नको त्या अंतरावर तीनदा हरलेला घोडा आज खालच्या वर्गात, स्वतःच्या अंतरावर आला असेल, तर आकडे वाईट दिसूनही तो चर्चेत हवा. जाणकार कार्ड चाळतो ते असे घोडे शोधायलाच.

वजनाचं गणित शिकून घ्या, कारण हँडिकॅपचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. ढोबळ मानाने पाच फर्लांगांवर एका लेंथला 3 पाउंड (1.4 किलो), एका मैलावर 2 पाउंड (0.9 किलो) आणि दोन मैलांवर 1 पाउंड (0.45 किलो) धरतात. समजा, मैलाच्या शर्यतीत समान वजनावर ‘क’ने ‘ख’ला दोन लेंथने हरवलं. आज ‘क’वर 3 किलो जास्त आहेत, म्हणजे सुमारे सव्वातीन लेंथचा भार. कागदावर ‘ख’ सव्वा लेंथने पुढे आला. पण इथे थांबू नका, त्या शर्यतीची चित्रफीत बघा. शेवटच्या शंभर मीटरमध्ये ‘क’चा जॉकी लगाम ओढून निवांत बसला असेल, तर ‘दोन लेंथ’ हा आकडाच खोटा आहे आणि त्यावरची वजाबाकीही खोटी. ‘ख’ला चाबूक पडत असूनही अंतर वाढतच होतं का, हेही तिथेच दिसतं.

वजनात फायदा शोधण्याची आणखी एक जागा आहे. कार्डावरची वजनं ठरल्यावर एखादा घोडा मधेच जिंकला, तर त्याच्यावर ठरावीक दंड चढतो. समजा, दंड 6 पाउंड आहे आणि हँडिकॅपरने (वजनं ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) त्या विजयासाठी त्याचं रेटिंग, म्हणजे वजन ठरवायचा क्षमतेचा आकडा, 9 पाउंडांनी वाढवलंय. मग आजच्या दिवसापुरता तो घोडा 3 पाउंड हलका धावतोय. मात्र ही गोष्ट सगळ्यांनाच दिसते, त्यामुळे पैजेच्या भावात ती बहुधा आधीच धरलेली असते.

तीन वर्षांचे घोडे मोठ्यांविरुद्ध धावतात तेव्हा त्यांना वयाप्रमाणे वजनात सूट मिळते. याचा पाया इंग्लंडमधल्या घोडदौडीचे प्रशासक ॲडमिरल राउस यांनी 19व्या शतकात घातला. हंगाम पुढे सरकतो तशी ही सूट कमी होते, आणि अंतर वाढेल तशी ती जास्त असते. झपाट्याने सुधारणारा तीन वर्षांचा घोडा लांब अंतरावर ही सूट घेऊन आला की त्याला हलक्यात घेऊ नये.

जमिनीचा अंदाज आदल्या रात्रीचा धरून चालत नाही. सकाळचा अहवाल पुन्हा बघा आणि पहिली शर्यत किती वेळात संपली ते टिपून घ्या. वेग नेहमीसारखा असूनही वेळ त्या अंतराच्या प्रमाण वेळेपेक्षा तीन-चार सेकंदांनी जास्त आली, तर जाहीर केली त्यापेक्षा जमीन मऊ आहे. मग पुढच्या सगळ्या शर्यतींची मतं त्या हिशेबाने फिरवायची. गुडघे उंच उचलून धावणारा घोडा सहसा ओल्या जमिनीवर खुलतो, जमिनीलगत सपाट पाय टाकणारा कडक जमिनीवर. याला अपवाद निघतात, म्हणून घोड्याच्या जुन्या धावा हाच पहिला पुरावा.

सुटण्याची जागा (सुरुवातीच्या रेषेवर कुठून सुटणार ती) आणि वेग या दोन गोष्टी एकत्रच वाचाव्या लागतात, आणि बहुतेकांचा अभ्यास इथेच अपुरा पडतो. इंग्लंडमधलं चेस्टरचं मैदान घ्या. एक फेरी जेमतेम मैलाहून थोडी जास्त, जवळजवळ सतत वळण. तिथे छोट्या अंतराच्या शर्यतीत आतल्या कुंपणाजवळून सुटणाऱ्याला मोठा फायदा मिळतो. तोच घोडा बाहेरच्या टोकाला गेला तर वळणभर जास्त जमीन तुडवतो. सरळ रेषेतल्या मैदानावर मात्र जागेपेक्षा कोणत्या बाजूला वेगवान घोडे आहेत हे महत्त्वाचं, कारण बाकीचे त्यांच्या मागे ओढले जातात.

वेगाचा नकाशा करणं सोपं आहे. प्रत्येक घोड्याच्या मागच्या चार धावांचे शेरे वाचा आणि नावापुढे एक अक्षर टाका: ‘आ’ म्हणजे आघाडी घेणारा, ‘ल’ म्हणजे आघाडीच्या लगत राहणारा, ‘म’ म्हणजे मधला, ‘शे’ म्हणजे शेवटून येणारा. अख्ख्या शर्यतीत एकच ‘आ’ असेल आणि त्याला आतली जागा मिळाली असेल, तर तो सोयीचा वेग लावून पुढे राहतो आणि मागून येणाऱ्यांना त्याला गाठणं जड जातं. तीन-चार ‘आ’ असतील तर ते एकमेकांना जाळतात. 2022ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली शर्यत आठवा. पहिला पाव मैल 21.78 सेकंदांत गेला, त्या डर्बीच्या इतिहासातली ती सर्वांत वेगवान सुरुवात. अर्धा मैल 45.36 सेकंदांत. वीस घोड्यांत मागे राहिलेला रिच स्ट्राइक आतून वाट काढत आला आणि 80-1 भावाने (एका रुपयाला ऐंशी) जिंकला. आदल्या दिवशी दुसऱ्या घोड्याचं नाव मागे घेतलं गेलं म्हणून त्याला शर्यतीत प्रवेश मिळाला होता. रिच स्ट्राइकचं नाव आधी काढणं कुणालाही अवघडच होतं. पण इतका वेग लागला की पुढे पळणाऱ्यांवर भरवसा ठेवू नये, हे तिथे लख्ख दिसतं.

जॉकी आणि ट्रेनर यांच्यावर फार वेळ घालवू नका. एकाच तबेल्याचे दोन घोडे असतील आणि तबेल्याचा मुख्य जॉकी भाव कमी असलेल्या, म्हणजे जास्त पसंतीच्या घोड्याऐवजी दुसऱ्यावर बसला असेल, तर तेवढी खूण घ्या. शिकाऊ जॉकीची सूट ब्रिटनमध्ये 7, 5 किंवा 3 पाउंड असते. ती अनुभवाने फिटते का, हे त्याच्या अलीकडच्या धावांवरून ठरवा. ब्लिंकर्स (घोड्याला बाजूचं दिसू नये म्हणून डोळ्यांशी लावतात त्या झापडा) पहिल्यांदा लावले असतील तर ती बातमी आहे, पाचव्यांदा लावले असतील तर नाही.

प्रत्यक्ष मैदानावर असाल तर पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात) प्रत्येक घोडा दोन फेऱ्या तरी पाहा. मानेवर थोडा घाम असेल आणि दिवस गरम असेल तर चिंता नको. मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस जमलाय, शेपटी सारखी हलतेय, सांभाळणाऱ्या माणसाला घोडा ओढत नेतोय, तर त्याची ताकद आधीच खर्च होतेय. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो का बघा. पाऊल आखूड पडत असेल तर अंगात कुठेतरी आखडलंय. पण एखादा घोडा दर वेळी घामाघूम होऊनच जिंकत असेल, तर त्याच्यासाठी ती नेहमीचीच गोष्ट. म्हणून नोंद त्याच्या स्वतःच्या मागच्या दिवसाशी ताडून बघा.

भाव मात्र सगळ्यात शेवटी बघा. आधी बघितलात तर फेव्हरिटच्या बाजूने डोळा आपोआप झुकतो. स्वतःच्या मताने प्रत्येक घोड्याला शेकड्यात शक्यता द्या, बेरीज 100 यायला हवी. मग भावाची टक्केवारी काढा: 4-1 म्हणजे 100 भागिले 5, म्हणजे 20. 2-1 म्हणजे 33. 7-1 म्हणजे साडेबारा. सगळ्या घोड्यांच्या भावांची बेरीज 100च्या वर जाते, तो वरचा भाग बुकीचा, म्हणजे पैजा घेणाऱ्याचा. आता तुमच्या मते 28 टक्के शक्यता असलेला घोडा 2-1 ला मिळत असेल, तर तो जिंकण्याची शक्यता सर्वाधिक असूनही त्यावर पैसे लावायचे नाहीत. 18 टक्केवाला 7-1 ला मिळत असेल तर लावायचे. संभाव्य विजेता आणि लावण्याजोगा घोडा हे वेगळे असू शकतात. फेव्हरिट ढोबळ मानाने तीनातली एकच शर्यत जिंकतो, तेव्हा उत्तम निवडीलाही सलग पाच-सहा हार सहज येते. दिवसाची रक्कम आधी बाजूला काढा, प्रत्येक वेळी सारखीच लावा. शेवटच्या शर्यतीत आधीचं वसूल करायला दुप्पट लावणाऱ्यांच्या खिशातूनच मैदानावरचे बरेच पैसे जातात.

‘ईच-वे’ (अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर) लावणाऱ्यांनी घोड्यांची संख्या शेवटच्या क्षणी मोजावी. ब्रिटिश बुकींच्या नेहमीच्या नियमाने आठ किंवा जास्त घोडे असतील तर पहिल्या तिघांना पैसे मिळतात, सात झाले की दोघांनाच. कार्डावर बरोबर आठ घोडे आहेत आणि एक मागे घेतला गेला, तर तिसऱ्या क्रमांकावर टेकवलेलं तुमचं गणित कोसळतं. सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये चार जागा आणि भावाचा चौथा हिस्सा मिळतो. सोळा नावं लागलेल्या शर्यतीत पंधराच सुटले तर चौथी जागा गेली.

शर्यत संपल्यावर प्रत्येक निवडीपुढे एक ओळ लिहा: वेग ठरवला तसा लागला का, जमीन धरली तशी निघाली का, घोड्याला वाट मिळाली का. ‘हरला’ एवढंच लिहून काही उपयोग नाही. वेगाचा नकाशा बरोबर येऊनही वाट अडल्यामुळे हरलेला घोडा पुढच्या कार्डात पुन्हा शोधायचा, आणि नकाशाच चुकला असेल तर कोणत्या घोड्याला चुकून ‘म’ दिलं होतं ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचं.