ते रोज रात्री भुऱ्याला शोधायला जातात

"मॅडम, मेलं असतं तर रडून मोकळे झाले असते हो. हे मधेच लटकलंय." जळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे मी किती जणांकडून ऐकलं असेल! कुणाचं मांजर हरवलेलं, कुणाचा कुत्रा, एकदा तर पोपट. येतो तो बहुतेक वेळा जीव लावणारा नव्हे, त्याचा जोडीदार. प्रश्न एकच: "यांना समजवायचं कसं?" म्हणून ही हकिगत, ओळख पटणार नाही इतकी बदलून.

यावल तालुक्यातल्या केळीवाल्या शेतकऱ्याची बायको. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना बिथरून त्यांचा कुत्रा, भुऱ्या, पळाला. तेव्हापासून जेवण झालं की नवरा मोटरसायकल काढायचा, बारा वाजेपर्यंत पत्ता नाही. भावाने पिल्लू आणून दिलं, ते दुसऱ्याच दिवशी परत. "कुत्रंच तर होतं ना, मॅडम?"

पहिल्या भेटीत मीच चुकले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांवर मी वाढलेली. वास्तव स्वीकारलं की त्रास कमी होतो, हे हाडीमाशी खिळलेलं. "तो येणार नाही हे त्यांच्या गळी उतरवा," असं सांगून बसले. आठ दिवसांनी ताई म्हणाल्या, "सांगितलं. आता माह्याशीबी बोलत नाही ते." तेव्हा उमगलं, इथे स्वीकारायचं ते वास्तवच कुणाला ठाऊक नव्हतं! अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांमध्ये हेच पाहिलं: 'गेला' म्हणवत नाही, 'आहे' म्हणवत नाही. कुत्र्याची बरोबरी माणसाशी करत नाही मी, पण मन अडकतं ते तसंच.

"ते शोधायला जातात तेव्हा तुम्ही काय करता?"

"झोपेचं सोंग."

"एक दिवस गाडीवर मागे बसून जा. सल्ला द्यायचा नाही."

त्या गेल्या. अर्धा तास कोणीच बोललं नाही. मग वावराच्या बांधाशी गाडी थांबवून नवरा म्हणाला, "फाटकाची कडी मीच उघडी ठेवली होती." आणि जरा वेळाने, "रातची लाइट राहिली का मोटर चालू कराले तोच राहे माह्यासंगे. आता केळीत शिरायचं तं भेव वाटते मले."

पंधरा वर्षांच्या संसारात हा माणूस घाबरतो हे ताईंना माहीत नव्हतं. "मले काही सुचलंच नाही, मॅडम. कडीचं माह्याबी ध्यानात नव्हतं, एवढंच बोलले." मी वर्गात तासभर शिकवते त्यापेक्षा हे सरस होतं. (गाडीवर बसायला मीच सांगितलं, एवढं श्रेय मात्र मी घेणार.)

तुमच्या घरी असं कुणी असेल तर 'नवीन आणू' हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. ताटली, साखळी न विचारता उचलू नका. शोधात सामील व्हा, पण त्याला वळण लावा: फोटो घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात, दूधवाल्यांकडे जा. घाबरलेलं जनावर बऱ्याचदा जवळच दडून बसतं, म्हणून पहाटे, सामसूम असताना, घरच्या माणसानेच हाक मारावी. पुढे वार ठरवा, रोज नको. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे सुटलं किंवा जगण्यात राम नाही अशी भाषा आली, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर दिवसरात्र कुणीतरी बोलायला असतं.

भुऱ्या अजून मिळालेला नाही. शोध आता बुधवारी आणि रविवारी, दोघं मिळून. लाइट रात्रीची असली की ताई बॅटरी घेऊन संगे जातात. ओट्यावरच्या ताटलीत कळण्याच्या भाकरीचा चतकोर रोज पडतो, तो गल्लीतलं दुसरंच कुत्रं खातं. नवऱ्याला ठाऊक आहे. तो हाकलत नाही.