दिवा दमानं वाढव
सांगलीत रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय लावतोयस, झकास! सुरुवात मश्रूम आणि झोएंथिड या दगडी सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांनी कर. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस.

नवखे बहुतेक दिवा फुल्ल ठेवतात. तू ३०-४० टक्क्यांवर ठेव, रोज ८ तास, आणि महिनाभरात हळूहळू वाढव. रंग पांढरट पडू लागला तर उजेड जास्त होतोय.

वेव्हमेकरचा (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) झोत थेट प्रवाळावर नको, समोरच्या काचेवर मार. पाणी आपटून वेडंवाकडं फिरतं, तेच हवं. झोएंथिडची झालर (कडेचे बारीक तंतू) डुलली पाहिजे. एकाच बाजूला आडवी पडली तर झोत जादा.

- उजेड आणि झोत दोन्ही एकाच दिवशी बदलू नकोस, काय बिघडलं ते कळणार नाही.
- लाईट गेली तर दिव्याचं सोड, बॅटरीवरचा एअर पंप लाव. एप्रिल-मेत तर हाताशीच ठेव.

डोसिंग (पाण्यात क्षार मोजून घालणं) वगैरे नंतर बघू.