चिऊच्या प्रश्नाचं उत्तर: आपण मेनू का लिहीत नाही

प्रिय चिऊ,

तुझा परवाचा मेसेज मी तीनदा वाचला. तू विचारलंस की बाबा, आम्ही फ्लॅटमधल्या चौघांनी रोज संध्याकाळी एकत्र जेवायचं ठरवलंय, बाकीचे तिघं म्हणतात शनिवारी बसून सात दिवसांचा मेनू लिहू आणि त्याला लागेल तेवढंच सामान आणू, पण आपल्या घरी मी कधी कोणाला मेनू लिहिताना बघितलं नाही, आई तर रोज सहा वाजता 'आज काय करायचं' असं विचारते, मग आपले पैसे पुरायचे कसे, मराठी लोकांत प्लॅनिंग नसतंच का?

असतं गं. पण ते कागदावर दिसत नाही, डब्यात दिसतं. आई सहा वाजता 'आज काय करायचं' विचारते तेव्हा निम्मं उत्तर आधीच ठरलेलं असतं, कारण घरात काय आहे आणि त्यातलं आज काय संपवायला हवं हे तिच्या डोक्यात असतं, प्रश्न फक्त एवढाच उरतो की वांग्याचं भरीत करायचं की रस्सा. म्हणून आपल्याकडे मेनूला बेत म्हणतात. बेत हा आधी काय आहे ते बघून होतो.

माझ्या आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं सांगतो, तुला नीट कळेल. तिच्याकडे सामानाचे चार भाग होते. एक वर्षाचं: उन्हाळ्यात गहू-ज्वारी भरायची, तांदळाला एरंडेल चोळायचं, धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा, वर्षाची चटणी कुटून बरणीत दाबून ठेवायची (आपल्या सांगलीकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात हे तुला माहितीये), आणि अंगणात वाळवण, सांडगे, कुरडया, पापड. मी लहान असताना मला वाटायचं वाळवण म्हणजे हौस, पण सांडगे हे पावसाळ्याचं प्लॅनिंग होतं, जुलैत भाजी महाग झाली किंवा चिखलामुळे बाजाराला जाता आलं नाही की सांडग्यांची आमटी व्हायची आणि त्या दिवशी भाजीचे पैसे वाचायचे. दुसरं महिन्याचं: डाळी, तेल, साखर, चहा, शेंगदाणे, पोहे, साबण. पगार झाला की आजी सगळे डबे उघडून हलवून बघायची, मग वहीच्या पानावर वर 'श्री' लिहून यादी. तिसरं आठवड्याचं: गुरुवारच्या बाजारातली भाजी, कांदे-बटाटे, लसूण. आणि चौथं रोजचं, म्हणजे दूध आणि पोरांनी पळत जाऊन आणायची कोथिंबीर. प्रत्येक भागाचे पैसे वेगळ्या डब्यात, आणि भाजीच्या डब्यातले संपले तर किराण्याच्या डब्याला हात लावायचा नाही, पिठलं करायचं. यामुळे व्हायचं काय, की महिना कितीही ओढाताणीचा असला तरी कोणी उपाशी राहिलं नाही, कारण कोरडं सामान आधीच घरात आलेलं असायचं. ताणायचं ते ओलं.

हे महिन्याचंच का, असं तुला वाटेल. कारण पगार महिन्याचा. आणि ज्यांच्याकडे पगाराच्या दिवशी पुरेसे पैसे नसायचे ते वाण्याकडे खातं ठेवायचे, वहीत लिहून आणायचं आणि पगार झाला की भागवायचं. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते तेव्हा ते खाणावळीत जेवायचे, गिरणगावात बायका आपल्या खोलीतच कामगारांना जेवण करून घालायच्या, पैसे महिन्याने मिळायचे पण धान्य तर रोज लागायचं, म्हणून त्या उधारीवर आणि सावकाराकडून व्याजाने पैसे काढून चूल चालवायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं तेव्हा कुठे त्यांच्या मागचं ते व्याज सुटलं. हे मी मुद्दाम सांगतोय. उधार आणलेली डाळ महाग पडते, मग ती वाण्याच्या वहीवर असो नाहीतर कार्डावर, म्हणून तुमच्या चौघांत एक गोष्ट पक्की करा, कोरड्या सामानाचे पैसे महिन्याच्या पहिल्या दिवशी वर्गणी म्हणून काढायचे आणि रोख घ्यायचं.

दुसरं म्हणजे वार. आपल्याकडे आठवड्याचा मेनू वारांनीच लिहून ठेवलेला असायचा. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार, मधे चतुर्थी-एकादशी, त्या दिवशी साबुदाणा, वरी, दाण्याची आमटी. ज्या घरात मटण-मासे खातात तिथे बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी रस्सा झाला की तो रविवारीच संपवायचा कारण सोमवारी कोणी हात लावणार नाही, म्हणून मटण मोजूनच यायचं. श्रद्धा होतीच, ती होती म्हणून तर हे टिकलं, पण घर चालवणाऱ्या बाईला त्याचा आधारही होता, महाग जेवण आठवड्यातून एकदोनदाच आणि तेही ठरलेल्या वारी. तू उपास करत नाहीस, ठीक आहे, पण वार ठेवायला काय हरकत आहे? तुमच्यात चिकनचा एक वार ठेवा, बाकी दिवशी नाही. बघ किती फरक पडतो.

आता आम्ही जर्मनीत आलो तेव्हाचं. पहिल्या वर्षी मीसुद्धा मेनू लिहिला होता, ऑफिसातल्या सगळ्यांचं बघून. सोमवार फ्लॉवर, मंगळवार पालक, असं रविवारपर्यंत, फ्रिजवर चिकटवलेलं. मंगळवारी मला यायला नऊ वाजले, बुधवारी तुला ताप आला, आपण भात-वरणच खाल्लं, आणि शुक्रवारी मी फ्रिज उघडला तर पालकाची पिशवी काळी पडलेली, आत पाणी सुटलेलं, कोथिंबिरीचा वास येत होता. ती पिशवी कचऱ्यात टाकताना मला फार वाईट वाटलं, पैशांचं तर होतंच पण आजीने आयुष्यात कधी जुडी टाकलेली मी बघितली नव्हती. तिला फोन केला तर म्हणाली, 'अरे पालेभाजी आधी खायची असते, कोबी काय कुठे पळून जातोय.' एवढंच.

त्या दिवसापासून आपल्या घरी जे चालतं ते हेच. इथे रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवार हा आपला बाजाराचा वार, आपोआप मिळालेला. शनिवारी भाजी आणायची आणि त्याच दिवशी निवडायची, हे निवडणं टाळू नकोस, मेथी निवडून पेपरात गुंडाळून ठेवलेली असेल तर दमून आलेला माणूस ती करतो, जुडी तशीच असेल तर करत नाही. मग शनिवार-रविवारी पालेभाजी, सोमवार-मंगळवारी वांगी, भेंडी, ढोबळी मिरची, फरसबी असलं, बुधवारनंतर कोबी, गाजर, बीट, दुधी. गुरुवारी कडधान्य. मटकी बुधवारी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, गुरुवारी संध्याकाळपर्यंत छान मोड येतात आणि वाटीभर मटकीची दुपटीहून जास्त होते. शुक्रवारी घरात भाजीचं पान नसलं तरी बेसन असतं. शुक्रवारचं पिठलं तुला आवडायचं ना, त्यामागे हे होतं, फ्रिज रिकामा झालेला असायचा आणि तो तसाच व्हायला हवा.

वरणाचंही असंच, हे नीट वाच. रोज कुकर लावत नाही आपण. दीड वाटी तूरडाळ, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम, हिंग-हळद घालून एकदाच शिजवायची. पहिल्या दिवशी त्यातलं साधं वरण, भात, तूप, लिंबू. उरलेली डाळ फ्रिजमधे. दुसऱ्या दिवशी मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, आमसूल, गूळ, गोडा मसाला, झाली आमटी. तिसऱ्या दिवशी त्याच आमटीत भरपूर पाणी आणि थोडी चटणी घालून उकळायची आणि कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून त्यात सोडायचे, दहाबारा मिनिटात चकोल्या, कोणी वरणफळं म्हणतं. भाजी लागत नाही, पोळ्या लागत नाहीत, चौघांचं पोटभर होतं. तुझ्या मैत्रिणींना पास्त्यासारखं वाटेल, त्यांना नक्की आवडेल. तूरडाळ इंडियन स्टोअरलाच मिळते आणि महाग असते, म्हणून अर्धी तूर अर्धी मसूर घाल, लाल मसूर तर तुमच्या कोपऱ्यावरच्या साध्या सुपरमार्केटमधेही असते.

पिठाचा हिशेब तू विचारला नाहीस पण सांगतो. एक पोळी म्हणजे साधारण ३० ग्रॅम पीठ, चौघांच्या बारा पोळ्या म्हणजे ३६० ग्रॅम, महिन्यात पंचवीस दिवस केल्या तर नऊ किलो. म्हणजे दहा किलोची पिशवी महिनाभर पुरते आणि दोन किलोच्या पिशव्या आणण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. असं प्रत्येक गोष्टीचं एकदाच काढून ठेव, मग दर महिन्याला डोकं चालवावं लागत नाही.

दुकानात गेलीस की मोठ्या अक्षरातली किंमत बघू नकोस, तिच्याखाली बारीक अक्षरात किलोचा भाव लिहिलेला असतो, इथे तो लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे, तो बघ. आपल्याकडे मंडईत गेलेला माणूस 'किलोला कसं, पाव कसा' असंच विचारतो, पुडक्याची किंमत विचारत नाही, सवय तीच आहे, फक्त इथे विचारायच्या ऐवजी वाचायचं. कोथिंबीर, पुदिना, हिरव्या मिरच्या, वांगी, छोले तुर्की दुकानातून घे, जुडी केवढी मोठी असते. आणि ऑफरची पत्रकं येतात ना, त्यात तेल, कांदे, दही एवढंच बघ. बाकी ऑफर बघून आणलेल्या गोष्टींचा बेत होत नाही, त्या फ्रिजच्या मागे जातात.

एक अजून. इथे नवलकोल सगळीकडे मिळतो, ते कोलराबी म्हणतात, आणि लोक त्याची पानं तिथेच तोडून खोक्यात टाकतात. एकदा मी तिथल्या बाईंना विचारलं पानं घेऊ का, त्या म्हणाल्या ससा पाळलाय का, मी म्हटलं नाही, आम्ही खातो. त्यांनी पिशवी भरून दिली. शिरा काढून बारीक चिरायची, लसणाची फोडणी, भिजवलेली मुगाची डाळ, वर थोडं दाण्याचं कूट, मेथीसारखी सुकी भाजी होते. तू लहानपणी कितीतरी वेळा खाल्लीयेस, तुला माहीत नव्हतं. कोवळी पानं घ्यायची फक्त, जून झालेली चरबट लागतात. तसंच फ्लॉवरचे दांडे आमटीत, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी, शिळ्या पोळ्यांचा कुस्करा. आजी याला काटकसर म्हणायची नाही, ती म्हणायची 'अन्न आहे ते', आणि मला तिचाच शब्द बरोबर वाटतो.

आता तुमच्या चौघांचं. त्यांचा मेनू लिहायचा आग्रह मोडू नकोस, ज्याची पाळी असेल त्याला काय करायचं ते कळायला हवं हे त्यांचं बरोबरच आहे. फक्त क्रम उलटा कर. शनिवारी निघायच्या आधी चौघांनी मिळून फ्रिज आणि डबे उघडा, काय उरलंय ते आधी लिहा, मग नवीन काय लागेल ते लिहा, आणि वारांपुढे पदार्थाचं नाव लिहायच्या ऐवजी काय संपवायचं ते लिहा. सोमवारपुढे 'वांगी'. मग ज्याची पाळी असेल तो त्याचं भरीत करेल नाहीतर पास्त्यात घालेल, ते त्याचं स्वातंत्र्य. आणि एक वार मोकळा ठेवा, त्या दिवशी फक्त उरलेलं.

आई म्हणतेय तिच्याकडे आजीने पाठवलेले सांडगे आहेत, चिंच पण, पार्सल करतोय सोमवारी. चकोल्यांची कणीक पोळीपेक्षा घट्ट मळ आणि तुकडे एकदम टाकू नकोस, आमटी खळखळ उकळत असताना एकेक सोड, नाहीतर चिकटून गोळा होतो.

बाबा