चित्रांवर लिहून घर चालेल का?

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चित्रांवर छान लिहिते. कलासमीक्षक व्हायचं, कलाकोशाचं संपादन करायचं म्हणते. यात पोट भरेल का? – एक पालक, अमळनेर

उत्तर : नमस्कार भाऊ. नुसत्या समीक्षेवर घर चालत नाही. परीक्षणाचं मानधन तुटपुंजं, आणि कोशाचं काम बरेचदा नोंदीगणिक मिळतं. पगार मिळतो तो कलेतिहास शिकवण्यात, संग्रहालयात किंवा कलादालनांच्या, लिलावसंस्थांच्या कॅटलॉगच्या कामात. म्हणून पदवीनंतर कलेतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेऊ द्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. चित्रकलेची पदवी नसताना प्रवेशाच्या अटी काय, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी पाहा. पुढे प्राध्यापकीसाठी 'दृश्यकला' विषयात नेट ही पात्रता परीक्षा.

पण तिचा कल आताच तपासता येईल. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचा कलासंग्रह जपलेला आहे. तो पाहून तिला मूस यांच्यावर कोशात असते तशी ३०० शब्दांची नोंद लिहू द्या : जन्म-मृत्यू, शिक्षण, माध्यम, मोजक्या कलाकृती आणि शेवटी दोन-तीन वाक्यांत मूल्यमापन. प्रत्येक तारखेचा आधार समासात हवा. माप सेंमीत, आधी उंची, मग रुंदी. आकडे उलटे पडले की उभं चित्र आडवं होतं.

सर्वांत दगा देतं ते साल. प्रदर्शनाचं साल चित्राचं म्हणून छापलं जातं, पुढचे लेखक तेच उचलतात आणि तीन पुस्तकांत सापडलं म्हणून ते पक्कं वाटतं. उगम मात्र एकच. म्हणून चित्रावरची सही, मूळ कॅटलॉग, पत्रं इथपर्यंत मागे जावं लागतं. जुनी कागदपत्रं हाताळायची सवय धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात लागेल. शब्दांचंही तसंच. अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात. फ्रेस्को ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवतात. अजिंठ्यात गिलावा वाळल्यावर, डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग लावलेत. असा शब्द खटकायला लागला, की समीक्षेचा पाया पडला म्हणायचा.

मग तीच नोंद १२० शब्दांत बसवायला सांगा. आधी विशेषणं जातील, नंतर लाडकी वाक्यं. या कापाकापीत तिचा जीव रमला, तर बडोद्याचा अर्ज खुशाल भरा. आपलं मत छापून यावं एवढीच हौस असेल, तर ती दुसरी नोकरी सांभाळूनही पुरवता येते.