वाचकांचे प्रश्न : पायताणाचे विधिनिषेध

प्रश्न : माझ्या आजीचे माहेर काटोल तालुक्यातील. उलटी पडलेली चप्पल दिसली की घरात भांडण होईल म्हणून ती आम्हाला लगेच सरळ करायला लावी, आणि खळ्यात कोणालाही जोडे घालून येऊ देत नसे. या समजुतींमागे काही शास्त्र होते का?
— एक वाचिका, महाल, नागपूर

उत्तर : शास्त्र म्हणता येणार नाही. खळ्याच्या नियमामागे मात्र व्यवहार होता. ज्या सारवलेल्या जमिनीवर ज्वारीची मळणी व्हायची आणि उफणलेली रास पडायची, तिथे गोठ्यातून किंवा उकिरड्यावरून आलेले जोडे नेणे हा अन्नाचा अपमान समजला जाई, आणि त्या निमित्ताने धान्यही स्वच्छ राही. (बैलांच्या खुरांना अर्थातच ही बंदी नव्हती!) उलट्या चपलेचे आणि भांडणाचे नाते निव्वळ समजुतीचे आहे, जोडा दाखवणे हा अपमान असल्यामुळे वर आलेला तळवाही अशुभ ठरला असावा.

पायताणाच्या सगळ्याच रूढी मात्र इतक्या निरुपद्रवी नव्हत्या. गावाला वहाणा आणि विहिरीची चामड्याची मोट करून देणारा चांभार बलुतेदार म्हणून खळ्यावरच धान्य घेई, तरी त्याच्या हातचे चामडे वापरणारेच त्याला अस्पृश्य मानत. आणि अनेक गावांत दलितांना सवर्णांच्या वस्तीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण सुना आणि गडीमाणसांना ऐकवली जाई, ती याच वृत्तीतून. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. भूत उतरवण्याच्या नावाखाली पादत्राणे भिजवलेले पाणी पाजण्याचा अघोरी प्रकार तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरवला आहे.

प्रश्न : मिरगी आलेल्या माणसाला जोडा हुंगवल्यावर तो शुद्धीवर येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मग ते खोटे कसे?
— एक वाचक, उमरेड मार्ग, नागपूर

उत्तर : आपण पाहिले ते खरे, परंतु श्रेय जोड्याचे नाही. मिरगीचा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, आणि तोवर जोडा शोधून आणलेला असतो. रुग्णाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास किंवा लागोपाठ आल्यास त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.