होमस्टेच्या नळजोडणीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दरवर्षी तपासायलाच हवा का?

हो, मालवणात तर हवाच. हा व्हॉल्व्ह म्हणजे पाणी गावाच्या लाइनीतून घराकडे येऊ देणारी, पण उलटं जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे नळाला पाणी ठराविक वेळच येतं. पुरवठा थांबला की मुख्य लाइनमधला दाब पडतो, आणि विहिरीचा पंप त्याच पायपाला जोडलेला असेल (बऱ्याच घरांत असतो, कोणी सांगत नाही) तर व्हॉल्व्ह नीट मिटला नाही की विहिरीचं पाणी उलटं गावाच्या लाइनीत शिरतं. व्हॉल्व्ह बाहेरून ठणठणीत दिसतो. आत गाळाचा कण अडकला किंवा स्प्रिंग गंजली की तो मिटतच नाही. विहीर मचूळ असेल तर लवकरच.

मीटरजवळचा कॉक बंद करा, पंप चालू करा, कॉक आणि व्हॉल्व्हच्या मधला नळ उघडा. साचलेलं पाणी येऊन थांबलं तर ठीक. धार चालूच राहिली तर व्हॉल्व्ह बदला.